स्वखुशीनं

"ह्याच्यात तर तुमीच नोकरी सोडली असं दाखवून राहिलंय, काका. स्वखुशीनं."

पूनमनं हे काही टोचून म्हटलं नव्हतं. हिंगोलीच्या बसस्टँडमागं तिचं सेवा केंद्र होतं. दिवसभर तिच्या टेबलासमोर जातीचे दाखले, पीकविमे, रेशनकार्डं, निराधारांच्या पगारी येऊन बसत, आणि ती सगळ्यांना एकाच आवाजात निकाल सांगे. त्याच आवाजात तिनं विश्वंभरला सांगितलं की त्याचा बेकारी भत्त्याचा दावा परत आलाय, आणि मागच्या माणसाचं आधारकार्ड घ्यायला हात पुढं केला. विश्वंभर खुर्चीवरून उठला नाही. "कोणाच्या?" त्यानं विचारलं. "काय कोणाच्या?" "खुशीनं." पूनमनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुमच्या. कंपनीनं तसं भरलंय. कामावरून काढलं असं असलं तरच भत्ता भेटतो. आपल्या आपण सोडलं तर न्हाई भेटत. आणि ते आपल्याकडून बदलत न्हाई, काका, त्यांनीच बदलायला पाहिजे." मागं रांगेत कुणीतरी हसलं. कशाला हसलं कुणास ठाऊक, बहुतेक आपसातल्या कशाला तरी. पण ते हसू विश्वंभरच्या मानेवर गरम पाण्यासारखं पडलं. तो उठला, बाहेर आला, गाडीला किल्ली लावली आणि किल्ली न फिरवता तसाच उभा राहिला.

स्वखुशीनं. पोळ्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी तो नेहमीसारखा हळदीच्या कारखान्याच्या फाटकाशी गेला होता. हातात डबा होता. डब्यात बायकोनं, मुक्तानं, शेपूची भाजी दिली होती. पहारेकरी मोहनसिंग फाटक अर्धं उघडून त्याच्या मधोमध उभा होता, आणि त्यानं विश्वंभरकडं न बघता सांगितलं, "तुमको अंदर लेने को मना किया है, भाऊ." विश्वंभरला आधी ती थट्टा वाटली. आत नवं यंत्र आलं होतं, रंग ओळखून हळकुंडं निवडणारं, घासणारं, झाडणारं, सगळं एका दमात करणारं, हे त्याला ठाऊक होतं. यंत्राची पेटी उतरवायला त्यानंच खांदा दिला होता. पण यंत्र येणं आणि आपण जाणं ह्या दोन गोष्टी त्यानं एका ठिकाणी ठेवून पाहिल्या नव्हत्या. त्याच्यासारखे आणखी काही जण फाटकाबाहेर जमले. कुणी ओरडलं नाही. ऊन वर आलं तसे एकेक जण पांगले. विश्वंभर औंढ्याच्या रस्त्यानं थोडा पुढं गेला, एका लिंबाखाली बसून त्यानं डबा खाल्ला, कारण तो तसाच घरी नेला असता तर मुक्ताला सांगावं लागलं असतं. ह्याला खुशी म्हणायचं. शेपूची भाजी रस्त्याच्या कडेला बसून, जाणाऱ्या ट्रकांची धूळ खात गिळणं, ह्याला.

त्याला त्या शब्दाचाच राग येऊ लागला. खुशी. शेहेचाळीस वर्षांत त्याची खुशी कुणी विचारली नव्हती, आणि आता न विचारता लिहून टाकली होती. गावी, सेनगावकडच्या गोरेगावला शाळेत असताना त्याच्या मनात एकच गोष्ट होती, सेनगावची जीप चालवायची. जीपचा ड्रायव्हर एक पाय बाहेर काढून बसायचा, माणसं आत कोंबायचा, बाया त्याला दादा म्हणून हाका मारायच्या, आणि तो हॉर्न वाजवत निघाला की रस्ता त्याचा असायचा. हे त्यानं एकदा बापाला सांगितलं. बाप संतराम. बोलण्याआधी हात उचलणारा माणूस. "ड्रायव्हरकी करतो व्हय रे?" एवढंच म्हणाला आणि कानशिलात दिली. मग आयटीआय. तिथंही बापानंच कुणाच्या तरी सांगण्यावरून धाडलं. मुक्ताला बघायला बाप आणि मामा गेले होते. विश्वंभरनं तिचं तोंड पाहिलं ते अंतरपाट खाली आल्यावर. पुढं मुक्ता चांगली निघाली, हे त्याचं नशीब, पण चांगली निघणं वेगळं आणि विचारणं वेगळं. कारखान्यात तर मिशीसुद्धा गेली. एकदा परदेशी गिऱ्हाईक बघायला येणार होतं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला फडकी आली आणि फडक्याखाली मिशी चालणार नाही असं फर्मान निघालं. सकाळी मिशीचा माणूस कामावर गेला आणि संध्याकाळी बिनमिशीचा परत आला. मुक्ता दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसली होती. तोही हसला होता. तेव्हा राग आला नव्हता. तेव्हा आला असता तर बरं झालं असतं, असं आता त्याला वाटलं. थोडा थोडा राग वेळच्या वेळी येऊन गेला असता, तर आज सगळा एकदम असा छातीशी येऊन बसला नसता.

कारण राग कसा करायचा हे त्याला येतच नव्हतं. घरात राग फक्त बापाचा असे. भाकरी करपली की ताट अंगणात जाई, बैल अडला की आई मार खाई. लहानपणी कधीतरी, उडालेल्या ताटातलं वरण भिंतीवरून ओघळताना बघत त्यानं ठरवून टाकलं होतं की आपण असं करायचं नाही. आणि त्यानं केलं नाही. कारखान्यात त्याला सगळे थंड माणूस म्हणत. कुणाची पाळी बदलायची, कुणाचा डाव्या हाताचा पंजा पट्ट्यात अडकून चिरडला म्हणून त्याचं काम ओढायचं, विश्वंभर आहेच. आता त्या थंडपणाचीही त्याला किळस आली. घरी गेला तर मुक्ता शिवणयंत्रावरून उठून आली. नोकरी गेल्यापासून घरात कुणीतरी आजारी असल्यासारखं चाललं होतं. भाकरी तव्यावरून थेट त्याच्या ताटात पडे, टीव्हीचा आवाज कमी असे, नांदेडला नर्सिंग शिकणाऱ्या पोरीचा फोन आला की मुक्ता बाहेर जाऊन बोले. त्यानं जेवता जेवता तिला दाव्याचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ द्या ना. आपल्या नशिबात नव्हतं म्हणायचं. तुमी तब्येत नका खराब करून घेऊ." जाऊ द्या. विश्वंभरनं घास खाली ठेवला. हातानं ताटाची कड धरली. ताट जमिनीपासून चार बोटं वर आलं, वाटीतलं वरण एका बाजूला कललं, आणि त्याला स्वतःचा हात दिसला, गाठाळ, नखांच्या मुळांशी अजून पिवळा. हुबेहूब बापाचा हात. त्यानं ताट हळूच परत टेकवलं. मुक्तानं ते पाहिलं होतं. तिनं फक्त आपलं ताट थोडं मागं सरकवलं, आणि तेवढ्या सरकण्यानं विश्वंभरला जी लाज वाटली, तिचाही पुन्हा राग झाला. हे कारखान्याचं काम होतं. त्यांनी त्याची नोकरी घेतली ती घेतली, वर ह्या घरात त्याचा बापही आणून बसवला होता.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यावर गेला. मोहनसिंगनं आत फोन केला, आणि विश्वंभरला वाटलं होतं तसं झालं नाही, त्याला लगेच आत घेतलं. कुलदीप हा कामगारांचं बघणारा साहेब, वयानं तिशीतला, मूळचा कळमनुरीकडचा. नवीन लागला तेव्हा त्याला हळदीच्या धुळीनं शिंका यायच्या, आणि विश्वंभरनंच त्याला नाकात तुपाचं बोट फिरवायला शिकवलं होतं. "या काका, बसा. पाणी घ्या." थंडगार खोली, थंडगार पाणी. विश्वंभरला उभ्यानं बोलायचं होतं, पण खुर्ची पुढं केल्यावर माणूस बसतोच. तो बसला आणि बसल्याबरोबर अर्धा राग गुडघ्यात मोडला. "मी सोडली व्हय नोकरी?" एवढंच त्याला विचारता आलं. कुलदीपनं मान हलवली, जणू एखाद्याच्या घरचं माणूस गेल्याचं ऐकावं तशी. "काका, हे तुमच्या एकट्याचं नाही. काढलं असं दाखवलं की नोटीस आली, भरपाई आली, चार ठिकाणी उत्तरं द्यावी लागतात. वरून सांगितलं, सगळ्यांचं असंच भरा. माझ्या हातात काय आहे? आणि तसा तुमचा राजीनामा आहे ना आमच्याकडं." "माझा?" कुलदीपनं एक कागद काढून पुढं धरला. घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे. खाली विश्वंभरची सही. सही खोटी नव्हती. लागताना सगळ्यांनी कोऱ्या कागदांवर सह्या दिल्या होत्या. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं कशाला, कारण नोकरी देणाऱ्याला कशाला असं विचारत नसतात. सहीच्या बाजूला दोन साक्षीदार होते. आमच्यासमोर सही केली. एक मोहनसिंग. दुसरी सही वाचायची विश्वंभरला गरजच पडली नाही. त्या म ची शेपटी पगाराच्या दिवशी पुढच्या माणसाच्या रकान्यात शिरायची आणि त्यावरून दर वेळी थट्टा व्हायची. मकबूल.

कुलदीप पुढंही बोलत होता. दिवाळीनंतर ठेकेदाराकडून काही माणसं घ्यायची आहेत, मकबूलभाईंना तर घेतलंच आहे, काकांचंही नाव त्यानं मनात धरलंय, फक्त ते भत्त्याचं, अर्जाचं तेवढं सोडून द्यावं, साहेब लोकांना आवडत नाही. विश्वंभरला त्याचे ओठ हलताना दिसत होते. ओठ वाचणं त्याला चांगलं जमत असे. पॉलिशच्या ड्रमवर तो आणि मकबूल इतकी वर्षं समोरासमोर उभे होते. माणसाच्या दुप्पट उंचीचा जाळीचा ड्रम, आत क्विंटलांनी हळद, तो फिरू लागला की दगडांचा पाऊस पत्र्यावर पडावा असा आवाज दिवसभर. बोललेलं ऐकू येत नसे. मग हात होते, भुवया होत्या. दोन बोटं गळ्याशी नेली की पाणी. तळहात गालाला लावला की रात्री झोप झाली नाही. मकबूलला पोरगं झालं आणि आठवड्यात गेलं, तेही त्यानं असंच सांगितलं होतं, दोन्ही हातांची झोळी करून, मग हात सोडून. विश्वंभरनं तेव्हा ड्रम थांबवला होता. कारखान्यात पाळी चालू असताना ड्रम थांबवायचा नसतो, त्यासाठी त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली गेली होती. त्या मकबूलनं लिहून दिलं होतं की ह्यानं माझ्यासमोर, आपल्या खुशीनं.

मकबूलच्या गावाच्या, शिरड शहापूरच्या वाटेवर त्यानं शिव्या गोळा केल्या. औंढा मागं पडलं, नागनाथाचं शिखर मागं पडलं. दोन्ही बाजूंना हळदीची रानं छातीएवढी हिरवीगार उभी होती, आणि विश्वंभर गाडीवर एकटाच मोठमोठ्यानं बोलत होता. बापानं वापरलेल्या, आईला उद्देशून वापरलेल्या, शाळेच्या मागं शिकलेल्या, कधीच तोंडातून न काढलेल्या शिव्या. त्या उच्चारताना त्याला विचित्र सुख होत होतं. मकबूलच्या दारात मात्र जैनबबी बसली होती, मकबूलची आई, सुपात सोयाबीन पाखडत. तिनं कपाळावर हात धरून पाहिलं. "कौन? विसंभर? आव रे बेटा. कित्ते दिन हुए." लगेच चहा ठेवायला सून हलली. म्हातारी सांगू लागली की मकबूलच्या कानाचं खरं नाही, हाक मारली तर वळत नाही, "तेरा सुनता क्या रे बराबर? तू तो उसके सामनेच खडा रहता था." विश्वंभर म्हणाला, "सुनता, अम्मा." तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. चहा गोड होता. तो त्याला गिळावा लागला, आणि प्रत्येक घोटाबरोबर रस्त्यात जमवलेलं एकेक काहीतरी पोटात परत जात होतं. हे लोक आपल्याला रागावूसुद्धा देत नाहीत, असं त्याला वाटलं. खुर्ची देतात, पाणी देतात, पाठीवरून हात फिरवतात.

मकबूल आला. विश्वंभरला पाहून तो उंबऱ्यावर थबकला, मग घराच्या मागच्या बाजूला, बोअरकडं चालू लागला. विश्वंभर मागोमाग गेला. इथं आवाज नव्हता. इतक्या शांततेत त्या दोघांना एकमेकांशी बोलायची सवय नव्हती.

"सही तुझी हाय?"

"हाय."

तो नाही म्हणेल, शपथा घेईल, मग आपण त्याची गचांडी धरू, असं विश्वंभरनं ठरवलं होतं. "कवा केली?"

"तू गेल्यावर. साहेबांनी बोलावलं, म्हणले ठेक्यावर यायचं का? यायचं तर कर."

"वाचलं व्हतं?"

"वाचलं."

"काहून केली रे मग?"

मकबूलनं बोअरच्या पाइपावर हात ठेवला. "काहून म्हणजे काय? घर हाय मला. तुला मुक्तावैनीची मशीन तरी हाय. माझ्याकडं कोण कमावून राहिलंय?" मग पाइपावरचा हात काढून, "मला वाटलं तू दुसरीकडं लागशील. तू आयटीआयवाला."

रस्त्यात जमवलेल्यातली एकही शिवी आली नाही. विश्वंभर म्हणाला, "सही लय झ्याक आली तुझी," आणि गाडीकडं वळला. जैनबबी मागून ओरडत होती, जेवून जा म्हणून.

त्यानं तक्रार केली. पूनमनं ती टाईप करून दिली, वाक्यं नीट करायला गेली तर त्यानं करू दिली नाहीत. मला फाटकावरून परत धाडलं, माझ्या हातात डबा होता, हे तसंच ठेवा, तो म्हणाला. नांदेडच्या कामगार विमा कार्यालयात, जिथून दावा परत आला होता तिथं, त्यानं ती स्वतः नेऊन दिली. तिथल्या बाबूनं शिक्का मारून दिला आणि चौकशी लागेल, थांबावं लागेल, असं सांगितलं. मग थांबणं आलं. मुक्ता शिवत राहिली, विश्वंभर बाजारात हमालीला, कुणाच्या गोडाऊनवर राखणीला, मिळेल तिथं जात राहिला, आणि राग आत चरत राहिला. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. मालकाचा राग त्याला धरता येत नव्हता. मालकाला त्यानं दोनदा पाहिलं होतं, तेही गाडीच्या काळ्या काचेतून. काचेवर किती वेळ रागवायचं? मन घसरायचं. कुलदीपचा राग करायला जावं तर त्याच्या त्या शिंका आठवायच्या. मकबूलला मात्र तोंड होतं. त्याच्या भुवया, डाव्या गालावरचा व्रण, तंबाखू मळताना मान तिरकी करायची सवय, सगळं विश्वंभरला स्वतःच्या घरासारखं पाठ होतं, आणि राग त्या घरात जाऊन राहू लागला. अंथरुणावर पडला की तो मकबूलशी भांडे. चौकशीत मकबूल खोटं बोलेल तेव्हा आपण काय म्हणायचं, ते त्यानं इतक्या वेळा मनात म्हटलं की ते गोळीबंद झालं. अरे ज्यानं तुझ्या लेकरासाठी ड्रम थांबवला. इथून सुरुवात होती. हे वाक्य त्याला फार आवडत असे. ते म्हणायला मिळावं म्हणून तो चौकशीची वाट बघू लागला. मकबूलनं खोटं बोलावं, अशीच त्याची इच्छा होऊन बसली होती, आणि हे कळूनही ती जात नव्हती.

दिवाळी झाल्यावर चौकशी लागली. नांदेडहून एक मॅडम आल्या. कुलदीपच्याच खोलीत बसल्या, पण थंड हवेचं यंत्र त्यांनी बंद करायला लावलं, म्हणाल्या घसा धरतो. कुलदीपनं कागद दाखवला. मोहनसिंगला बोलावलं. तो हात पाठीमागं बांधून उभा राहिला आणि फरशीकडं बघत म्हणाला, "जी मॅडम, मेरे सामने किया." मॅडमनी लिहून घेतलं. मग मकबूल आला. कामावरून तसाच, भुवयांपासून चपलांपर्यंत पिवळा, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. त्यानं विश्वंभरकडं पाहिलं नाही. विश्वंभरच्या जिभेच्या टोकाशी ते वाक्य येऊन उभं राहिलं. अरे ज्यानं.

"यांनी ह्या राजीनाम्यावर तुमच्यासमोर सही केली का?" मॅडमनी विचारलं.

मकबूल टेबलावरच्या कागदाकडं बघत राहिला. कुलदीप म्हणाला, "त्यांना जरा कमी ऐकू येतं." आणि विश्वंभरला वाटलं, हेच होणार. तो हो म्हणेल किंवा ऐकू न आल्यासारखं करील. मॅडमनी पुन्हा, मोठ्यानं विचारलं. मकबूलनं एका कानातला बोळा काढला.

"न्हाई मॅडम."

"म्हणजे?"

"सही आधीचीच व्हती. कोऱ्या कागदावरची. आमच्या सगळ्यांच्या हायत तशा. वरचं नंतर लिवलं. माझी सही मी ह्याच टेबलावर केली, तवा हा इथं नव्हताच. ह्याला तर त्या सोमवारी गेटवरून परत धाडलं. मी आतून पाहिलं. हातात डबा व्हता."

"मकबूलभाई," कुलदीप हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला प्रश्न नीट ऐकू आला का?"

"पहिल्यांदा न्हाई आला साहेब. आता आला."

विश्वंभरला आनंद झाला नाही. अंधारात आणखी एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि जमीनच लागावी, तसा त्याला हिसका बसला. इतके दिवस मनात घोटलेलं वाक्य तोंडातच राहिलं, आणि आता ते कुणाला म्हणायचं हे त्याला कळेना. मॅडमनी मकबूलचं बोलणं त्याला वाचून दाखवलं आणि खाली सही घेतली. म ची शेपटी पार कागदाच्या कडेपर्यंत गेली. पुढं सगळं रीतसर झालं. नोंदीतलं नोकरी सुटल्याचं कारण दुरुस्त झालं, महिनाभरानं विश्वंभरचा भत्ता मंजूर झाला, त्याच्याबरोबर काढलेल्या इतरांनीही पूनमकडं रांग लावली, आणि पूनमनं त्याच एका आवाजात त्यांना मंजूर, मंजूर असं सांगितलं. मुक्तानं त्या दिवशी शिरा केला. पण विश्वंभरनं कधी ह्या सगळ्याची आठवण काढली, तर त्याला शिरा आठवत नसे. त्याला चौकशीच्या दिवशीचा रस्ता आठवे.

तो फाटकाबाहेर गाडी काढून निघणार, तेवढ्यात मकबूल आतून आला. पाळी संपायला पुष्कळ वेळ होता. अंग धुतलं नव्हतं, बगलेत कपड्यांची पिशवी होती. मोहनसिंगनं फाटक ओढून घेतलं आणि पाठ फिरवली. काही विचारायची गरज नव्हती. विश्वंभरनं गाडी त्याच्यापुढं नेऊन उभी केली. "बस." मकबूल बसला. शिरडच्या रस्त्याला दोघं लागले. मकबूलच्या अंगाचा घामानं ओल्या झालेल्या हळदीचा वास विश्वंभरच्या पाठीला चिकटला होता. उन्हं कलली होती, रानं हालत होती, आणि विश्वंभरच्या आत काहीतरी वर वर येऊ लागलं. त्याला वाटलं रडू येतंय. त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला, मकबूललाही दंड धरून उतरवलं, आणि तोंड उघडलं तर तो ओरडत होता.

"काहून बोललास रे? तुला कोणी सांगितलं व्हतं बोलायला? अं? हां म्हणायचं ना! मोहनसिंगनं म्हटलं न्हाई का? माझं काय ते मी बघून घेतलं असतं! आता काय करशील? अम्माला काय सांगशील? लय मोठा खरं बोलणारा लागून गेला! कानातला बोळा काहून काढलास, सांग!"

त्यानं मकबूलची गचांडी धरली. छातीवर धक्का दिला. मकबूल एक पाऊल मागं गेला, पुन्हा होता तिथं येऊन उभा राहिला. विश्वंभरनं त्याला पुन्हा ढकललं. मग त्या शिव्या आल्या. महिन्यामागं ह्याच रस्त्यानं येताना जमवलेल्या, चहाबरोबर गिळलेल्या, अंथरुणात घोटलेल्या, खोटं बोलणाऱ्या मकबूलसाठी राखून ठेवलेल्या सगळ्या शिव्या खरं बोललेल्या मकबूलच्या अंगावर पडू लागल्या. वसमतची एसटी आली, तिच्यातली माणसं खिडकीतून माना काढून बघत गेली. ह्या एवढ्या मोठ्या आवाजात आपण आयुष्यात कुणाशी बोललो नाही, हे विश्वंभरला जाणवत होतं आणि आवाज खाली येत नव्हता. शिव्या मकबूलवरून सरकून कुलदीपवर गेल्या, काळ्या काचेच्या गाडीवर गेल्या, त्या काचेमागच्या माणसाचं नाव त्यानं पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं, बापाचंही नाव घेतलं, आणि फिरून पुन्हा मकबूलवर आल्या. मकबूल पिशवी छातीशी धरून ऐकत होता. शेवटी विश्वंभरचा दम संपला. तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

"झालं?" मकबूलनं विचारलं.

"न्हाई झालं."

मकबूलनं आजूबाजूला पाहिलं, रस्त्याकडंच्या मैलाच्या दगडावर जाऊन बसला आणि दुसऱ्या कानातलाही बोळा काढून टाकला.

"मग बोल. मला कुठं आता कामावर जायचंय."